गुरुवारचं पथक

३ जानेवारी, शुक्रवार

ऑफिसातून यंदा दोन डायऱ्या आल्या. एक माझ्या नावाची, एक ह्यांच्या. यादी कुणी बदललीच नाही. दोन्ही माझ्या हातात देताना शिपाई इतका ओशाळला की मीच म्हटलं, असू दे, मला लिहायला कागद कधी पुरलाय?

खरं तर मी लिहीत नाही. सव्वीस वर्षं ऑर्केस्ट्राच्या तळघरात इतरांनी लिहिलेले कागद सांभाळतेय. ऐंशी वादक, प्रत्येकाच्या स्टँडवर त्याच्या वाद्याचे कागद, योग्य पानावर उघडलेले. एक पान चुकलं की माझ्या नावाने बोंब. सगळं बरोबर असलं की मी आहे हे कुणाच्या गावीही नसतं.

हे वर, रंगमंचावर. ओबो वाजवायचे, सनईसारखं फुंकायचं वाद्य. सासूबाईंना ओबो म्हणजे काय हे शेवटपर्यंत कळलं नाही. त्या शेजारणींना सांगायच्या, मुलगा पिपाणी वाजवतो, आणि त्यांचा कंडक्टर असतो तो बसमधला नव्हे.

हे गेले त्याला आज बारा आठवडे झाले. तोही शुक्रवारच होता. घर आवरतेय, पण ह्यांचा वाचायचा चष्मा काही सापडत नाही. सगळी कपाटं पालथी घातली. चष्म्याशिवाय गेले की काय, असं वेड्यासारखं सारखं मनात येतं.

९ जानेवारी, गुरुवार

मॅनेजरसाहेबांनी वर बोलावलं. विषय गुरुवारच्या पथकाचा. हे पथक ह्यांनीच आठ वर्षांपूर्वी सुरू केलं. बासरी, ओबो, क्लॅरिनेट, हॉर्न, बॅसून, असे फुंकायच्या वाद्यांचे पाच जण दर गुरुवारी वाद्यं घेऊन इस्पितळात, शाळेत, कारखान्यात जायचे. ज्यांचे पाय आमच्या हॉलला कधी लागणार नाहीत, त्यांच्यापुढे वाजवायचे. मधे मधे हे बोलायचे. लोकांना वाजवण्याइतकंच ते बोलणं आवडायचं म्हणतात. मी कधी गेले नाही. गुरुवारी मला पुढच्या आठवड्याचे कागद लावायचे असत.

आता विश्वस्तांचं म्हणणं असं, की आपलाच हॉल अर्धा रिकामा असतो, आधी तो भरा, मग गावोगाव फिरा. मार्चअखेर निर्णय होणार. साहेब म्हणाले, तोवर पथक चालू ठेवू, ओबोशिवाय चौघांत, पण बोलायला तुम्ही जा. मी म्हटलं, माझं तोंड फक्त तळघरात चालतं.

क्लॅरिनेटवाली तिथेच बसली होती. ती एकदम म्हणाली, "ताईंना कशाला त्रास? मी बोलेन ना." चेहरा पांढराफटक पडला होता तिचा. फार जीव लावते ती मला. हे गेले त्या दिवशी इस्पितळातून मला फोनही तिनेच केला होता. आजवर कुणी माझी एवढी काळजी केलेली नाही.

पण मला 'त्रास' हा शब्द लागला. तीन महिने सगळे मला काचेच्या भांड्यासारखं वागवताहेत. म्हणून हो म्हणून बसले. आता काय बोलायचं ते चिठ्ठीवर लिहून काढतेय.

१६ जानेवारी, गुरुवार

पहिला कार्यक्रम, बसगाड्या दुरुस्त करतात त्या मोठ्या शेडमध्ये. मधल्या सुट्टीत. शेदीडशे माणसं, कुणी टायरवर, कुणी जॅकवर बसलेली. मी चिठ्ठीवर लिहून नेलेलं वाचायला लागले, पण दोन ओळींच्या पुढे जाता येईना. शेवटी चिठ्ठी पर्समध्ये टाकली आणि जे येतं ते सांगितलं. तळघराबद्दल. एकदा मी ढोलवाल्याच्या स्टँडवर भलत्याच सिंफनीचे कागद ठेवले आणि तो अर्धा तास न वाजवता, शांतपणे मोजत उभा राहिला, ते. शेड हसली. मला हसवता येतं हे मला छप्पन्नाव्या वर्षी कळलं.

एका मेकॅनिकने विचारलं, सुरुवातीला सगळे एक सूर धरतात तो कुणाचा? मी ह्यांचंच वाक्य सांगितलं. ओबोचा. कारण ओबोला आपला सूर सहज हलवता येत नाही, म्हणून बाकीचे त्याच्याशी जुळवून घेतात. सांगताना वाटलं, आमच्या घरीही तसंच होतं. मी काही तक्रार म्हणून लिहीत नाहीये. जुळवून घ्यायला कुणीतरी असावं लागतं, इतकंच.

ओबो नाही म्हणून आज सूर क्लॅरिनेटने दिला. ओबोच्या वाट्याच्या ओळीही तीच वाजवत होती. संपल्यावर मेकॅनिक टाळ्या वाजवत होते आणि ही वाद्य पुसत खाली बघत होती. पुसून झालं तरी पुसतच होती.

२१ जानेवारी, मंगळवार

गेल्या मोसमात भाड्याने आणलेल्या सिंफनीचे कागद परत पाठवायचेत. त्याआधी वादकांनी पेन्सिलीने केलेल्या खुणा खोडाव्या लागतात. हे काम मला आवडतं. कोण कुठे अडखळतो, कोण कुठे कंटाळतो, सगळं कळतं. एका व्हायोलिनवाल्याने शेवटच्या पानावर 'दूध आणणे' लिहिलंय.

ह्यांचे कागद शेवटी ठेवले होते. आज काढले. दुसऱ्या भागात ओबो आणि क्लॅरिनेट दोघंच वाजवतात, बाकी सगळे गप्प. तिथे ह्यांच्या अक्षरात 'तिच्याकडे बघ'. क्लॅरिनेटच्या कागदावर बरोबर त्याच जागी तिच्या अक्षरात 'त्याचा श्वास, मग मी'. दोघांची तयारी किती बारकाईची होती. नवशिक्यांना दाखवण्यासारखं पान आहे.

समासात एके ठिकाणी ह्यांनी 'आज निळा' असं लिहिलंय. हे सुरांना कधीकधी रंग म्हणायचे का? मला आठवत नाही.

बाकीचे सगळे खोडले. ते एक पान ठेवलंय. साहेबांना म्हटलं, अजून थोडे दिवस लागतील.

४ फेब्रुवारी, मंगळवार

संध्याकाळी क्लॅरिनेटवाली घरी आली. तीच निळी शाल, तालमीलाही रोज तीच. इतक्यांदा धुऊन पार विटलीय, म्हटलं नवी घे की. तिने नुसतं हसल्यासारखं केलं. चहा टाकला. तिच्या वडिलांची तब्येत, हॉर्नवाल्याचा दात, असं काहीबाही बोललो. मग मी ह्यांची लाकडी पेटी आणून तिच्यापुढे ठेवली. ओबोच्या तोंडाशी वेताची बारीक जोडपट्टी लागते, रीड म्हणतात. ती हे हाताने घडवायचे. सुरी, दोरा, वेत, अर्धवट तासलेल्या सहा रीड, सगळं त्या पेटीत. मी म्हटलं, तुझ्या वाद्याला ह्या चालत नाहीत हे ठाऊक आहे, पण आठवण म्हणून ठेव. मला काय कळतंय त्यातलं.

तिने पेटी उघडली, एक रीड ओठांशी नेली आणि जी कोसळली. माझ्या सख्ख्या नणंदा अशा रडल्या नाहीत. मलाच तिला थोपटावं लागलं. "ताई, मी ह्याच्या लायक नाही," असं दोनतीनदा म्हणाली. मी म्हटलं, अगं वीस वर्षं शेजारी बसून वाजवलंत, तुझ्याइतकी लायक कोण?

नंतर लेकीचा फोन आला. तिला पेटीचं सांगितलं. ती म्हणाली, "आई, ती सारखी घरी कशाला येते?" मी म्हटलं, माझ्यासाठी येते. ती म्हणाली, बाबांची पेटी मला विचारल्याशिवाय का दिलीस? हे मात्र तिचं बरोबर आहे. पण लेक परक्या शहरात, आणि आईजवळ दुसरीच कुणी बसते, त्याचं तिला वाईट वाटत असणार. जावयाशी बोलून फोन ठेवला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

इस्पितळात कार्यक्रम. डायलिसिसवाल्या खोलीत. माणसं चार चार तास यंत्राला बांधलेली, उठून जाऊ शकत नाहीत. मी म्हटलं, असे श्रोते आम्हाला हॉलमध्ये मिळत नाहीत. एक आजोबा हसले तर यंत्र वाजायला लागलं, नर्सने माझ्याकडे डोळे वटारले.

बाहेर पडताना एक बाई म्हणाल्या, पुन्हा याल तेव्हा माझी पाळी नसली तरी येऊन बसेन. हे मला घरी येऊन असलं का सांगत नव्हते? की सांगायचे, आणि मी कागद चाळत हं हं करायचे?

पुढच्या गुरुवारी तळ्याकाठचं गाव आहे, हे जिथे गेले ते. क्लॅरिनेटवाली म्हणाली, ते रद्द करू या, फार लांब आहे. मी म्हटलं, मला ती जागा बघायचीय.

२० फेब्रुवारी, गुरुवार

जाऊन आले.

ऑक्टोबरात पथक तिथे शाळेत वाजवून संध्याकाळी परतलं. हे आणि क्लॅरिनेटवाली मागे राहिले, शुक्रवारी सकाळी मुलांना शिकवायचं होतं म्हणून. मला तसं सांगितलं होतं, नंतर सगळ्यांनी तसंच सांगितलं. सकाळीच ह्यांच्या छातीत कळ आली.

आज मुख्याध्यापकबाईंना म्हटलं, त्या मुलांना भेटवा ना, ज्यांना शुक्रवारी शिकवणार होते. त्या गोंधळल्या. म्हणाल्या, "आमच्याकडे शुक्रवारी गावचा बाजार, शाळेला सुट्टी असते. पहिल्यापासून." मी म्हटलं, मग मुलांना खास बोलावलं असेल. त्या म्हणाल्या, असेल. बऱ्या स्वभावाच्या बाई आहेत.

कार्यक्रमाआधी तासभर होता. मी एकटीच तळ्यावर गेले. काठाला चार खोल्यांचं लॉज आहे, हे त्या रात्री उतरले होते ते. मला नुसती जागा बघायची होती. लॉजवाली कपडे वाळत घालत होती. ह्यांचं नाव सांगितलं तशी हातातलं टाकून आली. म्हणाली, फार सज्जन माणूस, दरवर्षी दोनतीनदा यायचे, तळ्याकडची खोलीच मागायचे. मग आत जाऊन ह्यांचा चष्मा घेऊन आली. रुमालात गुंडाळून ठेवला होता.

"मॅडम कशा आहेत?" तिने विचारलं. "इतक्या रडत होत्या, मीच बसले त्यांच्यापाशी. नवऱ्यामागे बायकांचे हाल होतात." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही साहेबांच्या बहीण ना?"

का कोण जाणे, मी हो म्हटलं.

कार्यक्रम बरा झाला. मी काय बोलले ते आठवत नाही.

११ मार्च, मंगळवार

मधे लिहिलं नाही. ताप होता. ताप नव्हता, पण ऑफिसात तसं कळवलं होतं.

क्लॅरिनेटवालीचे नऊ फोन येऊन गेले. एकदा दारातही आली होती. मी आतून म्हटलं, झोपलेय. झोपलेली माणसं असं सांगत नाहीत, ते नंतर लक्षात आलं.

म्हातारी लॉजवाली, रोज इतके लोक बघते. कुणाचं कोण, हे तिच्या कसं लक्षात राहणार?

असं मी एकोणीस दिवस म्हणतेय.

१२ मार्च, बुधवार

कामावर गेले. ते पान खोडलं. आधी तिचं, मग ह्यांचं. 'निळा' लवकर जाईना. फार दाबून लिहिलं होतं. खोडता खोडता कागद झिजून उजेड दिसायला लागला. तशीच गड्डी बांधून पाठवून दिली. भाड्याने देणारे विचारतील, तर म्हणेन, जुना कागद होता.

घरी येऊन ह्यांचा चष्मा लावून पाहिला. माझ्याही डोळ्यांना तोच नंबर लागतो. छान स्पष्ट दिसतं. काढून ठेवला.

१४ मार्च, शुक्रवार

साहेबांनी विचारलं, विश्वस्तांना पथकाचं काम दाखवायचं तर कुठे दाखवावं? मी म्हटलं, चौघं काय दाखवणार, सगळा ऑर्केस्ट्राच न्या एकदा. ऐंशीच्या ऐंशी. तळ्याकाठच्या गावात, बाजाराच्या छपराखाली. गुरुवारी ते मोकळं असतं. साहेब आधी हसले, मग हसायचे थांबले. कंडक्टरसाहेबही तयार झाले, म्हणाले, गेल्या मोसमातलीच सिंफनी वाजवू; परवा पाठवलेले कागद मला पुन्हा मागवावे लागणार.

जागा मी का सुचवली, ते मला विचारू नये. मीही विचारत नाहीये. आयुष्यभर ह्यांचं सगळं मागच्या दाराने ऐकत आले. एकदा पुढच्या दाराने जावं, एवढंच.

साहेबांनी जाता जाता सांगितलं की क्लॅरिनेटवालीने राजीनामा दिलाय. दुसऱ्या देशातल्या ऑर्केस्ट्रात जागा मिळाली, महिनाअखेर सोडतेय. म्हणाले, तुम्हाला ठाऊक असेलच. मी म्हटलं, हो तर.

जिन्यात बसले थोडा वेळ. राग येईल असं वाटलं होतं. आला, पण तिच्या जाण्याचा आला. आता ह्यांच्याबद्दल मी कुणाशी बोलू?

२५ मार्च, मंगळवार

तालीम. ऐंशी स्टँडचे कागद तिथे न्यायचे, वारा असेल म्हणून लाकडी चिमटे घेतले, एकशे साठ. क्लॅरिनेटवाली तळघरात आली. चिमटे मोजायला बसली माझ्याबरोबर. एकशे अट्ठावन्न भरले. पुन्हा मोजले. तेवढेच.

ती म्हणाली, "ताई, मी जाण्याआधी..." मी म्हटलं, दोन चिमटे कमी आहेत, ते बघू आधी.

२८ मार्च, शुक्रवार

काल झालं सगळं. सकाळी शांतपणे लिहितेय.

बाजाराच्या छपराखाली माणूस मावेना. विश्वस्त हातगाड्यांवर बसले होते. सातशे तरी लोक असतील. वारा सुटला आणि बॅसूनवाल्याचं पान गेलंच, एका पोराने धावत जाऊन आणून दिलं, त्यालाही टाळ्या पडल्या. लॉजवाली दुसऱ्या रांगेत होती. मला बघून तिने मान हलवली, मग क्लॅरिनेटवालीला बघून तिला हात केला.

मला बोलायचं होतं. ठरवलेलं असं होतं, की पथक कुणी सुरू केलं, ते ह्याच गावात गेले, वगैरे. माइक हातात घेतला आणि म्हटलं, ते माझे यजमान होते. एवढंच वाक्य. लॉजवालीकडे मी बघितलं नाही. मग म्हटलं, आता जो भाग वाजेल त्यात दोनच वाद्यं एकमेकांशी बोलतात. त्यातलं एक आज नवीन माणूस वाजवतोय. दुसरं जी वाजवतेय ती वीस वर्षं त्यांच्या शेजारी बसली, आणि आज तिचा शेवटचा कार्यक्रम आहे. नीट ऐका तिला.

ती माझ्याकडे बघत राहिली. कंडक्टरला थांबावं लागलं.

ती ऑर्केस्ट्रात कशी वाजवते हे मी वीस वर्षांत पहिल्यांदा समोर बसून ऐकलं. तळघरात छतातून झिरपून येतं तेवढंच ऐकायची सवय. मला गाण्यातलं फार कळत नाही, पण नव्या ओबोवाल्यानं श्वास घेतला की ती थांबायची, आणि मग एकटीच पुढे जायची. ह्यांना तिच्यात काय दिसलं असेल, ते मला ऐकू आलं. असं वाटायला नको होतं. पण वाटलं.

पथक चालू राहणार. साहेबांनी बसमध्ये चढण्याआधी सांगितलं. पुढचा गुरुवार डायलिसिसच्या खोलीत, बोलायला मीच.

बसमध्ये ती माझ्या शेजारी येऊन बसली. बाहेर अजून ऊन होतं. तळं मागे पडलं तेव्हा ती म्हणाली, "ताई, मला तुम्हाला एक सांगायचंय. सांगितल्याशिवाय मला जाता येणार नाही."

मी म्हटलं, "नको सांगूस. तू सांगितलंस तर मला काहीतरी करावं लागेल."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग तोंडावर शाल ओढून घेतली, आणि खांदे हलत राहिले. पुढच्या बाकावर हॉर्नवाला कुणालातरी विनोद सांगत होता.

मला आठवलं, ऑक्टोबरपासून लोक माझ्या घरी येतात. डबे आणतात, हात धरून बसतात, रडू दे म्हणतात. तिच्या घरी कोण गेलं? लगेच पुढच्या सोमवारी ती तालमीला बसली होती, ह्यांच्या रिकाम्या खुर्चीशेजारी, आणि तिचा एक सूर जरा खाली गेला म्हणून कंडक्टरने तिला सगळ्यांसमोर थांबवलं होतं. मी खाली तळघरातून ऐकलं होतं ते.

मी तिला माफ केलं का? माहीत नाही. ह्यांना तर नाहीच केलेलं. त्यांच्याशी माझं भांडण अजून सुरूही व्हायचंय, आणि समोरचा माणूसच नाही.

वळणावळणाचा रस्ता होता. ती रडून रडून झोपली. एका वळणाला तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. जड होतं. थोड्या वेळाने हात मुंग्या येऊन बधिर झाला. शहर यायला अजून सव्वा तास होता.

मी हलले नाही.